चौघींतली एक कमी

बाई, तुम्ही गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं, आणि त्यालाही आता सात वर्षं झाली. इथं सासरी, कुरुंद्यात मला कुणी सांगितलं नाही, मीही कधी तुमची विचारपूस केली नव्हती.

आपल्या भागातून पोहण्याच्या स्पर्धेत उतरलेली पहिली बाई तुम्ही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी तुम्ही शाळेतल्या खेळाच्या बाई. रविवारी सकाळी आम्हा चौघी पोरींना तुमच्या भावाच्या मळ्यातल्या विहिरीवर न्यायच्या, आमच्या कमरेला दोर बांधून आधी स्वतः पाण्यात उतरायच्या. मी हातपाय आपटायचे, नाकातोंडात पाणी जायचं, आणि तुम्ही ओरडायच्या, "पाण्याशी भांडून राहिलीस काहून? त्याच्यावर निज की!" एका रविवारी मी खरंच निजले. वर आभाळाचा गोल तुकडा, कानात पाणी, आणि मला कुणीच हाक मारत नव्हतं.

मग नांदेडची स्पर्धा ठरली. चौघींनी पाळीपाळीनं पोहायची शर्यत. एक कमी पडली तर बाकीच्या तिघींनाही उतरता येत नाही. माझ्यासाठी तुम्ही पोशाख आणला, मांड्या उघड्या दिसू नयेत म्हणून त्याला गुडघ्यापर्यंत कापड हातानं जोडलं, आणि घरी आलात. हळद शिजवायचे दिवस. माझे वडील, आबा, अंगणात बसलेले, मी चुलीपाशी भाकरी थापतेय.

"लोकांपुढं पोरगी वली होऊन उभी ऱ्हाणार?" आबा म्हणाले.

"मी हाय ना बराबर, भाऊ. मी बी उभी ऱ्हायले. मला काय झालं?"

"तुमचं लगीन न्हाई झालं, बाई."

तुम्ही उठलात. स्वयंपाकघराच्या दारात येऊन मलाच विचारलंत, "तूच सांग. येतीस का?" मागून आबाही माझ्याकडं बघत होते. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले, "न्हाई."

स्पर्धेला कुणीच गेलं नाही. सोमवारी शाळेत तुम्ही मला एवढंच विचारलंत, "जेवलीस का?" रागावला असतात तर बरं झालं असतं.

पुढं माझं सगळं रीतीनं झालं. लग्न झालं, लेकरं झाली, आता सूनही आली. हे पत्र टाकायला पत्ता नाही. बाकीच्या तिघी कधी वसमतच्या बाजारात भेटल्या की म्हणतात, तुझ्या आबांनीच तुला सोडलं न्हाई. मी मान हलवते. पण बाई, आबांनी त्या दिवशी अजून नाही म्हटलं नव्हतं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मला तुमच्यासारखं एकटं राहायची भीती वाटली.