चंचलले गाडी कोणं शिकवली?

अल्काताईले हेमराजचा नमस्कार,

आमी दरेकशाले रूपेशच्या मामाच्या घरी सुखरूप पोचलो. इथं रेंज नाही म्हणून पत्र टाकून राहिलो. जेवण बरं हाय, आईले सांगजो. तिचा गुडघा कसा हाय?

तीन दिवस गाडी रूपेशनं चालवली. आमच्या कॉलेजातली चंचल त्याच्या मागं चिपकून, आन् मी शेवटी बॅग घेऊन लटकलेला. मले गेअरची गाडी येत नाही ना! दर ब्रेकले माहा जीव जळे.

काल रूपेश झाडामागं लघवीले गेला, तं पॅन्टमंदी लाल मुंगळे शिरले. चड्डीवर भर रस्त्यात नाचला! आता पोटावर निजून हाय, बसताच येत नाही. मले लय गार वाटलं.

मंग मलम आणाले चंचलनंच चाबी उचलली. "तुले कोणं शिकवलं?" म्हटलं, तं म्हणते, "तुह्या ताईनं, चोरखमारा तलावाच्या पाळीवर."

सख्खा भाऊ सोडून तिले काऊन शिकवलं वं? मले तुहाच राग आला.

पण आता मले शिकवाची घाई करू नको. रूपेशची सूज अजून उतरली नाही, आन् चंचलच्या मागं मीच बसून राहिलो.

तुहा जळका भाऊ,
हेमराज