कचरूची तोफ

देवळा, ४ जानेवारी २०२४

चि. धम्मपाल यास धोंडीराम काकाचा जयभीम आणि आशीर्वाद.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवरचं बोलणं साठवून ठेवता येतं, असं सूनबाई राखी म्हणाली.

काल सटाण्याहून स्नेहल नावाची मास्तरीणबाई आली होती. हातात माझ्या तोफेच्या पराक्रमावरचं तुझं पुस्तक, पानापानाला खुणा. चहा घेईना. माझं फौजेचं डिस्चार्ज बुक बघायचं म्हणत होती. मी म्हटलं, ट्रंकेची किल्ली हरवली. किल्ली माझ्या करगोट्यालाच होती.

तिला तू पाठवलंस का? गेल्या महिन्यात तूही ट्रंक कुठे असते ते विचारत होतास. लढाईवर लिहावं तर आमच्या धम्मपालनेच, असं सगळा तालुका म्हणतो. पण आठ पुस्तकं झाली म्हणून सख्ख्या काकावर चौकशी लावायची? काकी असती तर तिने कान धरून विचारलं असतं.

उत्तर टपालानेच दे, आणि पाकीट नीट चिकटव. इथला पोस्टमन फार चौकस आहे.

तुझा काका,
धोंडीराम

नाशिकरोड, ११ जानेवारी

तीर्थस्वरूप काकांना धम्मपालचा सविनय जयभीम.

बाईंना मी पाठवलेलं नाही. त्यांचे आजोबा कचरू त्याच तोफेवर होते. पुस्तकात त्यांचं नाव का नाही, असं त्यांनी मला दोनदा लिहिलं. मी उत्तर दिलं नाही.

आता लपवत नाही. सहा वर्षांपूर्वी पेन्शनच्या कामाला तुमचं डिस्चार्ज बुक माझ्याकडे होतं. त्यात तोफेवरचा गोलंदाज नाही, लांगरी लिहिलंय, फौजेचा स्वयंपाकी. मी वाचलं आणि परत ठेवून दिलं. तेव्हा पाचवी आवृत्ती छापखान्यात होती, आज सोळावी आहे. माझी व्याख्यानं, पुढची सात पुस्तकं, सगळं त्या एका तोफेवर उभं आहे. ट्रंकेची चौकशी केली ती दुसऱ्या कोणाच्या हाती ते बुक लागू नये म्हणून.

बाई पुन्हा आल्या तर तब्येत बरी नाही म्हणा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
धम्मपाल

देवळा, १७ जानेवारी

चि. धम्मपाल यास जयभीम.

सहा वर्षं तू माझ्या पाया पडत होतास आणि मला वाटायचं, पोराला काही ठाऊक नाही.

लढाईतल्या त्या दुपारी मी रोट्यांचा डबा घेऊन तोफेपाशी गेलो. बाकीचे मरून पडले होते. कचरू एकटाच गोळे भरत होता. डबा ठेव आणि पळ, म्हणाला. मी पळालो. मागे तोफ तासभर वाजत होती, मग थांबली. रजेवर आलो तेव्हा माझ्या हातावरचा तव्याचा चटका लोकांनी तोफेचा ठरवला. मी नाही म्हटलं नाही. पुढे तुलाही तसंच सांगितलं.

काल सटाण्याला गेलो. एसटीतून दोनदा उतरावंसं वाटलं. डिस्चार्ज बुक स्नेहलबाईंच्या हातात दिलं. पुढच्या आवृत्तीत काय छापायचं ते तू बघ.

कचरूची बायको नवसाबाई अजून आहे. तो कसा गेला, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. तिने एवढंच विचारलं, त्याने रोटी खाल्ली होती का.

मला ठाऊक नव्हतं.

लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू ठरव.

धोंडीराम लांगरी