दारातली पट्टी

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, हवं तर कान धर. कारण मात्र आनंदाचं आहे. आपल्या ‘छोटी’ गाडीला तीस वर्षं झाली म्हणून कंपनी तिचा इतिहास काढतेय, आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आयुष्यभर पत्रकं लिहिली, निवृत्तीच्या आधी एक पुस्तक होऊन जाईल.

पहिल्या गाडीशेजारी तू चाचणी विभागाची टोपी घालून उभी आहेस, तो फोटो पाठव. उंच चालकाचं डोकं छताला आपटलं म्हणून तू साहेबांशी भांडून छत दोन बोटं वर घ्यायला लावलंस, तो किस्साही सविस्तर लिही. केवढीशी गाडी, पण चाळीस देशांत पोचली! कुठे पाखराचं नाव लावून, कुठे नुसता आकडा लावून.

चिमीने परदेशात, नोकरीच्या गावी जुनी छोटीच घेतलीय, टोमॅटोसारखी लालभडक. बापाने जिचे गोडवे गायले तीच घेतली म्हणाली. छाती फुगली माझी.

गुडघा कसा आहे? फोटो पाठव आणि लोभही राहू दे.

तुझा,
भाऊ

११ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

फोटो मिळणार नाही. छताचा किस्साही नाही. तुमच्या इतिहासात मी टोपी घालून हसणार आणि पुढचं सगळं गिळून टाकणार, होय ना?

तुला आठवत नसेल तर मी सांगते. अकराव्या वर्षी हुकूम आला, लांबच्या देशांत जाणाऱ्या गाड्यांच्या दारातली आडवी पोलादी पट्टी काढा, गाडी स्वस्त पडेल. मी तसली पाच दारं चाचणीला लावली. बाजूने गाडा आदळला की दार थेट आत माणसाच्या जागी बसवलेल्या बाहुल्याच्या बरगड्यांत. पाचही वेळा. दाराचं हँडल बाहुल्याच्या छातीतून मी स्वतःच्या हाताने उपटलंय. मी लेखी कळवलं. आठ दिवसांत माझी बदली सुट्या भागांच्या गोदामात. पुढची अकरा वर्षं मी वायपर मोजले.

त्याआधी एक उत्तर आलं होतं. “त्या बाजारपेठांची याहून अधिकाची अपेक्षा नाही.” खाली सही साहेबांची, पण वाक्य तुझं. त्या अख्ख्या कचेरीत “याहून अधिकाची” असं लिहिणारा दुसरा कोण होता रे? तुझं लेकरू लहान होतं आणि आईने माझ्यापुढे हात जोडले, म्हणून मी तोंड शिवून बसले. ती चूकच केली.

आता चिमीला विचार. बॉनेटखालच्या क्रमांकाच्या शेवटी त्रिकोण कोरलाय का? असेल तर ती गाडी त्यांतलीच.

लोभाचं नंतर बघू.

ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच भयंकर राग आला. वरून सांगतील ते नीट शब्दांत मांडायचं, एवढंच माझं काम होतं, मी काही दारं बनवत नव्हतो, असं चार पानी उत्तर लिहूनही ठेवलं होतं. तेवढ्यात चिमीचा फोटो आला. त्रिकोण आहे.

तिने तिथल्या मेकॅनिककडून दाराचं आतलं आवरण काढून घेतलं. त्याने कोपरापर्यंत हात घातला, आत काही लागलंच नाही. तो हसून म्हणाला, इथे सगळ्या अशाच येतात. गाडी तिथेच सोड, असं मी चिमीला बजावलं. तिने मला विचारलं, बाबा, तुम्हाला हे ठाऊक होतं का. मी नाही म्हणालो.

पुस्तकात दारांवर आठ पानं लिहिली. साहेबांनी आठही पानांवर लाल काट मारली आणि म्हणाले, वाढदिवसाला कुणी मृत्युपत्र वाचतं का. ताई, एवढा संताप मला उभ्या जन्मात आला नव्हता. सगळं हस्तलिखित त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो. परत जाणार नाही.

तुझ्या चाचण्यांच्या नोंदी असतील तर पाठव. वाहन सुरक्षा खात्याकडे तक्रार करतोय. लोभ मागायचं तोंड नाही, नोंदी तेवढ्या मागतो.

भाऊ

९ एप्रिल

चि. भाऊस,
अ. उ. आ.

नोंदी सोबत आहेत, पाचही दारांच्या. मूळ कागद माझ्याजवळच राहतील. कुणाच्याही हाती देण्याइतका विश्वास आता उरलेला नाही, तुझ्याही.

तुझ्या लेकीच्या दारात हात रिकामा फिरला, तेव्हा तुला संताप आला. चाळीस देशांत बाकी कुणाच्या लेकी बसत नव्हत्या त्या गाड्यांत? माझ्या अहवालावर बाहुल्यांचे फोटो डकवले होते. ते तू पाहिले होतेस, आणि पाहूनच ते वाक्य लिहिलंस.

तक्रारीची प्रत मिळाली. त्यात सगळं आहे, माझी बदलीसुद्धा. फक्त “कंपनीकडून उत्तर आले” असं म्हटलंयस. कंपनीला हात असतात का रे लिहायला? मला सोळा तारखेला जबाबाला बोलावलंय, तुला बावीसला. तुझं नाव मी घेणार नाही. ते घ्यायचं तर तूच घे. नाही घेतलंस तर यापुढे माझ्या गुडघ्याची चौकशी करू नकोस.

ताई

२३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सांगितलं.

अधिकारी बाईंनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, टंकलेखकाला नीट उतरवता यावं म्हणून. मग विचारलं, हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं. मी म्हणालो, अर्थ साहेबांचा, शब्द माझे. आणि न विचारताच पुढचंही सांगून टाकलं. फोटो पाहिले होते, आणि तरीही वाक्य छान जमलं म्हणून त्या दिवशी मी खूश होतो. बाईंनी तेही टंकलेखकाला शब्द न् शब्द उतरवायला सांगितलं. तू ओरडतेस ते परवडलं.

त्रिकोणाच्या सगळ्या गाड्यांची दारं उघडून तपासायचा हुकूम निघालाय. कंपनी त्याविरुद्ध कोर्टात जाणार म्हणते. जाऊ दे. तिथेही मी हेच सांगेन.

बाहेर आल्यावर चिमीला फोन केला. ठाऊक होतं, हे तिलाही सांगितलं. ती म्हणाली, इतक्यात मला फोन करू नका. मग ठेवता ठेवता तिने तुझा पत्ता मागितला. तिला तुला पत्र लिहायचंय. उत्तर देशील तेव्हा माझ्या बाजूने एक शब्दही घालू नकोस.

लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.

भाऊ