टाकी. पाणी. सोडणे.

मंगळवार, २० नोव्हेंबर १९३४. पोलादपूर.
हार्टवेल साहेब आज रजेवर गेले. फेब्रुवारीत परत. जाताना घरगाडी माझ्या ताब्यात दिली. घरगाडी हे नाव इथल्या लोकांनी पाडलेले. मोटारलॉरीच्या पाठीवर लाकडी खोली. आत बिछाना, टेबल, आणि बिछान्याच्या उशाशी तीस गॅलनची पाण्याची टाकी. टाकीला पाइप, पाइपाला नळ, नळाखाली बेसिन. रस्त्याच्या सर्व्हेला साहेब हिच्यातूनच हिंडतात. रानात उभे राहून नळाखाली हात धुता येतात, हे इथल्या एकाही डोक्यात अजून शिरलेले नाही.

साहेबांची सूचना एवढीच, की गाडी बंगल्याच्या शेडमध्ये लावायची आणि टाकी रिकामी करून ठेवायची. खाली बूच आहे, ते पान्याने फिरवायचे. गाडी चांगल्या स्थितीत मिळाली तर महाडच्या ऑफिसात हेडक्लार्कच्या जागेवर माझी कायम नेमणूक व्हावी अशी शिफारस करतो म्हणाले. सात वर्षे टेंपररी काढली. संपली आता.

निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

बुधवार, २१ नोव्हेंबर.
उठलो आठला. थंडी फार.

गाडीच्या ड्रॉवरमध्ये विलायती पुस्तक सापडले. हिवाळ्यात पाण्याची टाकी आणि पाइप कसे सांभाळावेत यावर चौदा पाने! तिकडे पाइपातले पाणी गोठते, फुगते आणि पाइप फुटतो. साहेबांनी यातले काहीच सांगितले नाही. निघण्याच्या घाईत विसरले असणार.

हसन ड्रायव्हरने गाडी शेडमध्ये लावली. त्याला पाने वाचून दाखवली. दात काढून म्हणतो, "पोलादपुरात पाण्याचा बर्फ झाला तर मी तो महाडच्या बाजारात नेऊन विकीन, भाऊसाहेब. बूच काढा, नळ उघडा ठेवा, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम हाय. मीच करून जातो." मी साफ नको म्हटले. जबाबदारी माझी आहे. पाना ठेवून घेतला आणि त्याला वाटेला लावले. जन्मभर इंजिनात डोके घालून माणसाचे डोके तेवढेच राहते.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर.
बूच काढायला गेलो. ते गाडीच्या बरोबर पोटाखाली. म्हणजे धुळीत उताणे पडायचे. अंगावर परीटघडीचे धोतर. शिवाय होऊ घातलेल्या हेडक्लार्कला शेडमध्ये उताणे पडलेले कोणी पाहिले तर ऑफिसची इज्जत काय राहिली?

काम बंगल्यावरच्या गोमाजीला दिले. हा शिवथरचा. पहारा करतो आणि बागेला पाणी घालतो. अशा माणसांना हुकूम देण्याची माझी एक पद्धत आहे. विभक्ती गाळायची. चा-ची-चे, ला, त, असली प्रत्ययांची लटांबरे त्यांच्या डोक्यात शिरत नाहीत, उगाच गोंधळ होतो. मिलिटरीत असेच असते म्हणे. म्हणून टाकीकडे बोट दाखवून खणखणीत सांगितले: "टाकी. पाणी. सोडणे. रोज सकाळी बघणे. थेंबभर कसूर नको."

रोज अशासाठी, की पाइपात अडलेले पाणी मागाहून येते. पान नऊ.

गोमाजी तोंड उघडून काही विचारणार होता. म्हटले, प्रश्न नको. "व्हय जी," म्हणून गेला. पान्याला हातही लावला नाही. हातानेच बूच फिरवणार असेल. रेड्याची ताकद आहे, उपयोग मात्र मी सांगेन तेव्हाच.

रविवार, २ डिसेंबर.
गोमाजीने रिपोर्ट दिला, "भाऊसाहेब, पुरं झालं." नऊ दिवस लागले! साहेबांच्या देशात हे काम माणूस चहा पिता पिता करतो. तरी म्हटले, रोज बघत जा, हयगय नको. म्हणतो, "सकाळच्याला कमीच व्हतंय जी." होणारच. कमी व्हावे म्हणूनच तर सांगितले आहे.

महाडला मुख्तार शिंप्याकडे कोटाचे माप देऊन आलो. काळा, बंद गळ्याचा. कायम नोकरीतल्या माणसाला शोभेल असा.

गुरुवार, १३ डिसेंबर.
रोज सकाळी गोमाजी बंगल्याखालच्या विहिरीवरून दोन हंडे घेऊन चढताना दिसतो. ऐंशी पायऱ्या. एकट्या माणसाला दोन हंडे! पितो की पेरतो, देव जाणे. बागेतला झेंडू तर केव्हाच वाळला.

कुटुंबाला हिवाळ्याचे शास्त्र समजावले. येसूबाईंनी भाकरी थापता थापता ऐकले आणि म्हणाल्या, "आमची शकूमावशी मुंबईला निघाली की हंडे पालथे घालून जायची. तेवढंच ना?" तेवढंच! तीन टनांची गाडी पालथी घालायची काय? जेवायला बसलो. भाकरी गरम होती.

मंगळवार, २५ डिसेंबर. नाताळ.
गोमाजीची लेक आवडी, तिचा साखरपुडा परवा शिवथरला झाला. त्याआधी एक दिवसाची सुट्टी मागायला आला होता. मी म्हटले, पाणी आधी. नंतर कळले, पहाटे पाणी सोडून चालत गेला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला परत हजर. पाय सुजले होते. धाक असला की माणसे सरळ चालतात. आज साहेबांना पत्रातून कळवले की टाकीबाबत एक दिवसही हयगय झालेली नाही.

रविवार, ६ जानेवारी १९३५. सकाळी ६.
कडाका! काल अंगणात ताटलीत पाणी ठेवले होते. बर्फ धरला नाही. पण पाणी विचारात पडल्यासारखे दिसले.

धोका पत्करणे बरे नाही. पान अकराप्रमाणे पाइपांना गोणपाट गुंडाळून घेतले आणि ऊब राहावी म्हणून साहेबांचा बिछाना टाकीला चिकटवून उभा केला. म्हणजे गोमाजीने केले. मी दारात उभा राहून पुस्तक वाचत होतो. आत कोंदट वास येतो. गोमाजी विचारतो, "गाडीला हीव भरलंय का जी? काढा देऊ?" मग म्हणतो, "पर बिछाना वला व्हईल." रिकाम्या टाकीने बिछाना ओला! अक्कल चालवू नकोस म्हटले. जी अक्कल नाही ती चालवायची हौसच यांना दांडगी.

गुरुवार, १७ जानेवारी.
हसन भाताच्या गोणी घेऊन जाताना शेडपाशी थांबला. म्हणतो गाडीखाली ओल दिसते, बुचाचा वायसर गेला असेल, बघा. मी म्हटले, अरे शहाण्या, टाकी रिकामी होतेय म्हणून ओल. दोन महिने? म्हणतो. विलायती टाकी आहे, म्हटले, तुझ्या मडक्यासारखी नाही. डोके खाजवत गेला. लेखी उत्तर द्यायची वेळ आली असती तर उभाही राहिला नसता.

निश्चय: गाडी आतून एकदा स्वतः पाहणे. उद्या.

शनिवार, २ फेब्रुवारी.
पाहणे राहिले. सर्दी. महाडच्या ऑफिसात मात्र जाऊन आलो आणि हेडक्लार्कची खुर्ची पाहिली. वेताची आहे. उशी लागेल.

सोमवार, ११ फेब्रुवारी. दुपारी ३.
साहेब एक दिवस आधीच आले. मुख्तारचा कोटही आजच आला. चांगला शकुन. कोट घालून शेडकडे निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.
लिहिण्याचे मन नाही. पण लिहितो.

साहेबांनी गाडीचे दार उघडले. बिछान्याला अळंबी आली होती. छत्रीएवढी नाही, पण बशीएवढी. टाकीखाली तळाची लाकडे कुजलेली, साहेबांचा बूट एका फळीतून आरपार गेला. त्यांनी नळ फिरवला. धो धो पाणी.

मी म्हटले, हे गोमाजीचे काम. गोमाजीला बोलावले. तो हसत आला! साहेबांना मुजरा करून म्हणाला, "भाऊसाहेबांनी सांगितलं, टाकीत पाणी सोड. अडीच म्हयने एक दिस चुकवला नाय. लेकीच्या साखरपुड्यालाबी पाणी सोडून मगच गेलो. खालनं गळतंय, म्हणून रोज दोन हंडे घालाया लागतात."

मी ओरडलो, मी टाकीत म्हटलेच नव्हते! साहेबांनी शांतपणे विचारले, मग काय म्हटले होते? सांगावे लागले. टाकी. पाणी. सोडणे. मार्चमध्ये साहेबांची मराठीची परीक्षा आहे. त्यांनी खिशातून वही काढली आणि अर्थ विचारला. मी सांगितले, टाकीचे पाणी सोडणे म्हणजे बाहेर काढणे. गोमाजी मान हलवून म्हणाला, "आमच्याकडं वाफ्यात पाणी सोडत्यात. म्हंजे आत घालत्यात." साहेबांनी दोन्ही लिहून घेतले. मग विचारले, आणि एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे? वहीत आधीच लिहिलेले होते, अर्थ लागत नव्हता म्हणे.

मी म्हटले, म्हणजे ती मिळण्याची आशा सोडून देणे. उदाहरण द्या म्हणाले. मी दिले नाही. दोघांनाही सुचले होते, हे त्यांच्या तोंडावरून कळले.

साहेबांनी तिथेच लिहिले. गोमाजी: सांगितलेले काम रोज चोख करतो, कायम करावा. माझ्यापुढे त्यांनी पाना धरला.

मी नव्या कोटासकट गाडीखाली शिरलो. उताणा. हसन कुठूनसा येऊन उभाच होता. एक वळसा. सगळे पाणी तोंडावर. अर्धे मिनिटही लागले नाही, हसनने मोजले.

बाहेर आलो तर गोमाजी ओहोळाकडे बघत उभा. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "भाऊसाहेब, ऐंशी पायऱ्या व्हो." मला तेव्हा त्याची कीव आली, आणि स्वतःची लाज वाटली. हे कोणाला सांगणार नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी.
उठलो पाचला. आपोआप. कोट वाळत घातला आहे, आखडला. येसूबाईंनी हंडे घासून पालथे घातले होते. मी त्यांच्याकडे बघितले नाही.

टाकीचे पाणी सोडले. हेडक्लार्कीवर सोडले, ते वेगळे.