मागे फिरलेल्या पेशी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
नवी वही. लोक जानेवारीत संकल्प करतात आणि मार्चपर्यंत ढेपाळतात. मी मार्चमध्येच सुरुवात करतोय, म्हणजे ढेपाळण्याचे दोन महिने वाचले.

संकल्प: उन्हाळा संपायच्या आत निकाल. दर रविवारी ताईकडे जाऊन बाबांना चालवणे. लॅबमधल्या बाईंशी वाद नाही. (बाई टेक्निशियन आहेत, एकोणीस वर्षं इथेच. डिग्री माझी मोठी, पण मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे.)

नोंद असावी म्हणून लिहितो. लहान लहान पेशी एकमेकींत मिसळून स्नायूची लांब नळी होते. एकदा नळी झाली की संपलं. ती दुभागत नाही, वाढत नाही, फक्त थकते. मला तिला औषध देऊन परत लहान करायचंय. लहान झालेली पेशी पुन्हा दुभागेल, आणि वाळलेल्या स्नायूत नवा स्नायू भरता येईल. सहा वर्षं चाललंय. आता शेवटचा टप्पा. मागच्या वहीतही शेवटचाच टप्पा होता, पण तो वेगळा.

९ मार्च, रविवार. दुपारी
ताईकडे गेलो नाही. पेशींचं खाद्य दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, आज नेमका तो दिवस. बाई म्हणाल्या, मी येणारच आहे, मी बदलते. नको म्हटलं. पेशींना ओळखीचा हात लागतो. काम बारा मिनिटांत आटपलं. मग कॉम्प्युटरवर पत्ते खेळलो.

ताईचा फोन. बाबा डिसेंबरात पडले, ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय वाळत चाललेत. फिजिओवालीने सांगितलंय, रोज दोनदा उठवून दहा पावलं, धरायला दोन माणसं. एरवी ताई आणि भावजी करतात. रविवारी भावजींची ड्युटी, म्हणून रविवार माझा. ताई म्हणाली, मग आज बाबा उठले नाहीत. मी म्हटलं, एका रविवाराने काय होतंय?

१६ मार्च, रविवार
गेलो नाही, पण बाबांशी फोनवर सविस्तर बोललो. उठताना फार दुखतं म्हणाले. मी म्हटलं, थोडं थांबा, तुमच्याच पायाचं काम इथे चालू आहे.  बाबा म्हणाले, असं होय? आवाज एकदम खुलला. माणसाला धीर द्यावा लागतो. ताईला ते जमत नाही.

२१ मार्च, शुक्रवार
इन्क्युबेटरमध्ये जागा नाही. कंट्रोलच्या डिशेस काढून टाकल्या. कंट्रोल म्हणजे सगळं तेच, फक्त औषध नाही. ज्या डिशमध्ये काही होणार नाही हे मला माहीत आहे, तिची सरबराई कशाला? मोकळ्या जागेत औषधाच्या सहा डिशेस जास्त बसल्या. व्यवस्थापन हा माझा दुर्लक्षित गुण आहे.

२६ मार्च, बुधवार. सकाळी १०.४०
दिसल्या! नळ्या तुटल्यात आणि मध्ये लहान, गोल, तुकतुकीत पेशी. दुभागतायत. नळ्या मागे फिरल्या. दोनदा मोजल्या, दोन वेगळे आकडे आले. मोठा धरला.

आनंद व्हायला हवा होता. जेवणानंतर होईल असं वाटलं. जेवणानंतर झोप आली.

३० मार्च, रविवार
ताईचा फोन, आवाज चढलेला. बाबा आता इतर दिवशीही उठत नाहीत. म्हणतात, पोरगा औषध काढतोय, मग उगाच कशाला जीव काढून घेऊ? ताईने विचारलं, तू त्यांना काय सांगून ठेवलंयस? फिजिओवाली म्हणते, या वयात गेलेलं बळ परत येत नसतं. फिजिओवालीचं वाचन कमी असावं. परत आणायचं हेच तर माझं काम आहे.

बाबांचा विश्वास बघून बरं वाटलं. लहानपणी त्यांनी मला साधी सायकल दुरुस्त करू दिली नव्हती, वर चिडले होते.

९ एप्रिल, बुधवार
बाईंनी विचारलं, सर, कंट्रोल? म्हटलं, नंतर. त्या म्हणाल्या, बरं. वाद झाला नाही. एक संकल्प तरी शंभर टक्के पाळला जातोय.

१३ एप्रिल, रविवार
मॅडमनी तेवीसला मीटिंग लावली आहे. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. दिवसभर स्लाइडचा रंग ठरवला. निळा. ताईचा फोन आला, उचलला नाही. बाबांना एकदमच गोड बातमी देऊ.

२३ एप्रिल, बुधवार. दुपारी ४
मीटिंग झाली. पहिली स्लाइड सगळ्यांना आवडली. दुसऱ्या स्लाइडला मॅडम म्हणाल्या, कंट्रोलचा फोटो दाखवा. मी म्हटलं, जागेअभावी. कोणी हसलं नाही. मग बाई उठल्या आणि स्वतः काढलेला एका डिशचा फोटो घेऊन आल्या. महिनाभर त्यांनी इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यात, मागे, ती डिश सांभाळली होती. औषधाचा थेंब नाही. तिच्यातही त्याच लहान, गोल, तुकतुकीत पेशी, अगदी तितक्याच.

मॅडमनी शांतपणे समजावलं. प्रत्येक डिशमध्ये काही पेशी मुळात मिसळतच नाहीत. बाकीच्यांच्या नळ्या होतात, या तशाच राहतात. खायला घातलं की वाढतात. मागे कोणीच फिरलेलं नाही. नळ्या तुटल्या कारण औषधाने मेल्या.

म्हणजे कधी मोठ्याच न झालेल्या पेशींकडे मी महिनाभर कौतुकाने बघत होतो.

बाईंना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, विचारलं होतं की. वर म्हणाल्या, तुम्ही फार खुशीत होता हो. मी खुशीत होतो हे मला आजच कळलं.

२७ एप्रिल, रविवार
आज खाद्य बदलायचं नव्हतं. डिशेस टाकून दिल्यात. न जायला दुसरं कुठलंच कारण नव्हतं. तरी गेलो नाही. कपाट आवरलं. अर्धंच.

४ मे, रविवार. संध्याकाळी ६
गेलो.

बाबा खिडकीशी पलंगावर. दाढी केली होती. ताई म्हणाली, तू येणार म्हणून. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. औषध नाही बाबा. चुकलं माझं. होणारही नाही इतक्यात. वाटलं चिडतील, सायकलच्या वेळेसारखे. ते म्हणाले, बरं. मग उठव मला.

एका बाजूने ताई, एका बाजूने मी. त्यांचे पाय जमिनीला लागले, पण वजन घेईनात. खाली बसवलं. पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा पायजमा वर सरकला आणि पोटरी दिसली. माझं मनगट तिच्यापेक्षा जाड आहे. सहा वर्षं मी स्नायूंवर काम करतोय. पोटरीला हात लावला. थंड होती. मला काही वाटलं नाही. मग बराच वेळ हात काढता आला नाही.

बाबाच म्हणाले, पुरे, तू दमलास.

चहा झाला. ताई माझ्याशी बोलली नाही, पण साखर बरोबर घातली होती. निघताना म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की येतो.

बाबा म्हणाले, नाही जमलं तरी घाई करू नकोस. मी काय, कुठे जात नाही आता.