दक्षिणेच्या भिंतीचं देवघर

गुरुजी, तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी सकाळी मी आंघोळ केली, देव ताम्हनात उतरवून घेतले आणि स्वयंपाकघरातलं देवघर ओढत ओढत बाहेरच्या खोलीत आणलं. दक्षिणेच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं. देव परत बसवले, समई लावली आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. भिंतीवरचा ओलीचा डाग दिसत नव्हता. मी हात जोडले. ते देवाला जोडले की डाग झाकला गेला म्हणून, असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी रागावलो असतो.

आम्ही हे घर विकायला काढलंय. तुम्ही ते पाहिलेलं आहे. डोळ्याच्या ऑपरेशनला बेंगळूरला आलात तेव्हा आठ दिवस इथंच होतात. डोळ्यावर पट्टी होती म्हणून भिंतीला तळहात लावत लावत घरभर फिरायचात. पहिल्याच दिवशी चारी भिंती चाचपून म्हणालात, "कोरडं आहे रे घर. चांगलं घेतलंस." तेव्हा कोरडंच होतं. आमच्या या सर्जापूर रोडला तेव्हा एवढी गर्दीही नव्हती. पुढं आमच्या गल्लीतला रस्ता दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर चढत उंच होत गेला, आणि तळमजल्यावरचं आमचं घर जागचं न हलता खाली गेलं. आता पावसाचं पाणी दक्षिणेच्या भिंतीशी साचतं. ओल गुडघ्यापर्यंत चढते, आणि उन्हाळ्यात पोपडे सुटून पांढरी पूड खाली सांडते.

विकायचं कारण मात्र ओल नाही, बायकोचे गुडघे. तिची शाळा बसवनगुडीला. दोन बस बदलून जायचं, दोन बदलून यायचं, आणि मधला निम्मा वेळ गाडी जागेवरच उभी. तिच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर एक छोटं घर आम्ही बघून ठेवलंय. त्या घराच्या मालकीणबाई जूनपर्यंत थांबायला तयार आहेत, त्यापुढं नाही. शिवाय जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आमची भिंत स्वतःच बोलायला लागणार. म्हणून घाई. नळ बदलले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, माळा रिकामा केला, जुनी कपाटं देऊन टाकली. रंगारी कलबुर्गीकडचा होता. तो म्हणाला, "अण्णा, रंग देतो, पण ही भिंत माझं नाव घालवणार." आठ दिवसांत पिवळट डाग पुन्हा वर आला. एजंट म्हणाला, "सार, इथं एक कपाट ठेवा की." कपाट उरलंच नव्हतं. मग मीच म्हणालो, देवघर ठेवतो. "सूपर, सार!" एजंटनं टाळी मागितली. "देवाच्या मागं कोण वाकून बघतंय?" मी टाळी दिली.

बायको फक्त एवढंच म्हणाली, "दक्षिणेकडं तोंड करून पूजा करणार? देवांना निदान विचारायचं तरी." मी म्हटलं, थोडेच दिवस. तेव्हापासून तिनं संध्याकाळचा दिवा लावायचं माझ्यावर सोडून दिलं.

दोन कुटुंबं बघून गेली. एकाला गाडी लावायला जागा कमी वाटली, एकाला खिडकीतून दिसणारी भिंत आवडली नाही. तिसऱ्या रविवारी बेळ्ळंदूरला नोकरी करणारा एक मुलगा आला, सोबत त्याची आई. मुलगा एजंटबरोबर आत नळ सोडून बघत होता. बाई थेट देवघरासमोर जाऊन बसल्या. बराच वेळ डोळे मिटून होत्या. मग म्हणाल्या, "धारवाडात आमच्या शेजारी तुमचेच लोक होते, म्हणून मला मराठी येतंय स्वल्प. एक विचारू? देव दक्षिणेच्या भिंतीला? मग पूजेला बसणारा दक्षिणेकडं बघणार. आमच्यात नाही चालत. तुमच्यात असं असतंय?"

गुरुजी, मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. मी म्हणालो, "हो अम्मा, आमच्यात असंच असतं."

त्यांनी मान हलवली. "सरी. तुमचं या घरात चांगलं झालंय, मुलगी शिकून नोकरीला लागलीय म्हणता. मग मी पण माझे देव इथंच ठेवीन. घराची पद्धत कशाला मोडायची?" आतून आलेला मुलगा हसून म्हणाला, "अम्मा देवांची जागा ठरवायला लागली म्हणजे घर ठरलंच." त्याच्या पाठीमागून एजंटनं मला अंगठा दाखवला. शनिवारी येऊन पक्कं बोलू, असं ठरवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलो. हातात जास्वंद होतं आणि ते काही केल्या वाहवेना. त्या बाई माझ्या एका शब्दावर जन्मभर इथं दक्षिणेकडं तोंड करून बसणार, आणि देवांच्या मागची फळी पावसापावसाला कुजत जाणार. मी समोर बघत राहिलो आणि मला गावाकडच्या आपल्या शाळेची मागची भिंत दिसायला लागली.

तपासणीचे साहेब येणार होते. आम्ही पोरांनी सकाळपासून वर्ग शेणानं सारवला, पताका लावल्या, चुन्याचा हात दिला. मागच्या भिंतीला मात्र चुना धरत नव्हता. तिथं कौलांतून पाणी उतरून माती ढासळली होती. आम्ही तिथं सरस्वतीची तसबीर खाली ओढून टांगली आणि तिला झेंडूची भलीमोठी माळ घातली. साहेब आले, तसबिरीला नमस्कार केला, छान छान म्हणाले. आणि तुम्ही टेबलामागून उठता. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही भिंतीपाशी जाता, तसबीर खिळ्यावरून काढता, उपरण्यानं पुसता. "साहेब, ही भिंत बघा. पावसात इथनं पाणी येतंय, आणि हिच्याखाली पोरं बसतात. मी तीनदा लिहून दिलंय." साहेबांचा चेहरा उतरला. मग तुम्ही आमच्याकडं वळलात. "सरस्वती काय पडदा आहे होय रे? कोणी लावली ही इथं?" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी म्हणालो, "सगळ्यांनी मिळून, गुरुजी." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि तसबीर माझ्या हातात दिलीत. "धर. नीट धर." साहेब जाईपर्यंत मी ती छातीशी धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही सगळ्या वर्गाला थांबवलंत, आणि धोतर खोचून आमच्याबरोबर त्या भिंतीची सुटलेली माती खरवडत बसलात. कौलंही तुम्हीच वर चढून नीट केलीत.

ते जास्वंद मी शेवटी ताम्हनात ठेवलं आणि चहाच्या वेळी बायकोला सांगितलं, शनिवारी मी त्या लोकांना सगळं सांगणार आहे. तिनं कप खाली ठेवला. "गेले तर गेले. अजून एक वर्ष दोन बसनी जाईन. पण त्या बाईंना दक्षिणेकडं बसवू नका." मग उठता उठता म्हणाली, "पण आधी पोहे खाऊ देत त्यांना. उपाशी माणसाला असलं काही सांगू नये."

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून देवघर उचललं. मागची फळी तीन आठवड्यांत काळवंडली होती. ते पुन्हा स्वयंपाकघरात, पूर्वेच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. डाग उघडाच राहू दिला. मंडळी आली, पोहे झाले, चहा झाला. एजंट भिंतीकडं बघत होता आणि माझ्याकडं बघत होता. मी उठलो. "अम्मा, जरा इकडं या. हात लावून बघा." त्यांनी तळहात टेकवला, मग बोटांचा वास घेतला. मी सांगितलं, ओल आहे, दर पावसात गुडघ्यापर्यंत येते, रंगानं जात नाही, रस्ता उंच झालाय. एजंट म्हणाला, "सार, दोन मिनिटं बाहेर येता?" मी म्हटलं, "नाही." आणि पुढं बोलताना माझ्या तोंडून आलंच, "हे देवघर इथं ठेवायचं आम्ही एजंटबरोबर..." तिथं मी थांबलो. तुमचं ते बघणं आठवलं. "नाही. मी ठेवलं. माझीच कल्पना. आणि दक्षिणेला देव ठेवायची आमच्यात पद्धत नाही. ते मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बाईंनी बोटं पदराला पुसली. मग म्हणाल्या, "भिंतीचं राहू द्या, भिंत ओली होतेच. पण देवाच्या गोष्टीत खोटं सांगितलंत?"

"हो, अम्मा."

"मी घरी जाऊन सुनेला शिकवलं की हो, मराठी लोकांत असंच असतंय म्हणून. आता तिला काय सांगू?"

"मी खोटं बोललो, असं सांगा."

मुलगा भिंतीवर बोटांनी टकटक करत होता. मग बाहेर जाऊन रस्ता बघून आला, विचार करून कळवतो म्हणाला. जाताना बाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या, देव पूर्वेच्या कोपऱ्यात आलेले बघितले आणि नमस्कार केला. एजंट चपला घालता घालता म्हणाला, "सार, तुम्ही घर विकताय की कीर्तन करताय?"

आज चार दिवस झाले. फोन नाही. जून लांब नाही. तरी मला काळजी वाटत नाही. हे घर विकलं जाईल, यांना नाही तर आणखी कोणाला, आणि जो घेईल तो भिंतीला हात लावून घेईल. सकाळी पूर्वेकडं तोंड करून बसतो तेव्हा हात नीट जोडले जातात. संध्याकाळचा दिवाही आता पुन्हा बायको लावते.

तुम्हाला पाठवायला आता पत्ता उरलेला नाही, म्हणून हे लिहून झालं की कागद देवघराच्या खणात ठेवणार आहे, नव्या घरी देवांबरोबर जाईल. पण वर तपासणीच्या दिवसाचं लिहिताना मी तुम्हाला पुन्हा तेच सांगितलं, जे त्या दिवशी सांगितलं होतं. पोरं तेव्हा विहिरीवर हातपाय धुवायला गेली होती, गुरुजी. खिळा मी ठोकला, माळ मी घातली. भिंत खरवडायला मात्र सगळा वर्ग थांबला. तसबीर मी एकट्यानं लावली होती.