यादीतली चाळिसावी

६ एप्रिल
एसीच्या खोलीत बसून दूरच्या माणसांचं भलं करणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो! तुमचं-माझं दुःख एकच आहे. आपलं म्हणणं शेवटपर्यंत कोणी ऐकून घेत नाही!
(श्रोते नाहीत. ही रोजनिशी आहे. सवय जात नाही.)
संकल्प: रोज पाच ओळी. भाषण बंद.
कामाची नोंद. आमची संस्था इथल्या, म्हणजे कुवेतच्या, देणग्यांतून किर्गिझस्तानातल्या छोट्या धंद्यांना मदत करते. तिकडे सरकारी कारखाने बंद पडले, तेव्हापासून बायका घरोघरी नमदे करतात. ओली लोकर दाबून दाबून केलेलं जाड कापड. त्यातल्या चाळीस जणींना लोकर पिंजायचं मशीन मिळणार. यादी आणि प्रत्येकीची कहाणी लिहिणं माझ्याकडे. मी तिकडे गेलेलो नाही. व्हिडिओवर सगळं कळतं.
आज शेवटची मुलाखत. बुरुल नावाची बाई. प्रशिक्षणाने आयुष्य बदललं का, विचारलं. म्हणाली, "बघू." आणि स्वप्नं? म्हणाली, "आधी मशीन येऊ दे."
यावर टाळी कुठे घ्यायची?

७ एप्रिल
सुटलं! बुरुलच्या जागी आयसुलू. विधवा, तीन मुलं, पाठीवर नमदे, बर्फातून घाट ओलांडते. खोटं नव्हे, चाळीस जणींचा अर्क. पत्ता बुरुलचाच ठेवला, फक्त नाव बदललं. लिहिताना डोळे भरून आले. घरी बायकोला, शामलाला वाचून दाखवलं. ती हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आली होती, पाय बादलीत. म्हणाली, "अहो, ही बाई आहे का खरंच?" म्हटलं, सत्य आणि तपशील यांत फरक असतो. म्हणाली, "टॉवेल द्या."

९ एप्रिल
यादी तिकडच्या ऑफिसला गेली. जिल्दिझ नावाची मुलगी ते सांभाळते. अशी बाई नाही असं ती कळवेल, मग खुलासा करू, असं ठरवलं होतं. खुलाशाची दोन पानं तयारही होती. तिचं उत्तर एका शब्दाचं. "नोटेड."
चेअरमनसाहेबांना कहाणी फार आवडली.

१६ एप्रिल
जिल्दिझकडून फोटो. खाली मथळा: आयसुलू काम करताना.
पाठमोरी बाई. कोपरापर्यंत ओले हात. समोर करड्या लोकरीचा ढीग.
ऑफिसात भर दुपारी अंगावर काटा आला. एसी २४ वर केला. काटा तसाच.
रात्री जेवताना संपदाला दाखवला. पंधरा वर्षांची पोर, फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, शी इज नॉट रिअल, राइट?" मग मान काढली. "देन हू इज दॅट?"
विचारांती मत: ज्वलंत शब्दांतून माणसं उभी राहतात. इतिहासात असं घडलं आहे. (संदर्भ शोधणे.)

२५ एप्रिल
फरवानियात आपल्या मराठी मंडळात बोललो. विषय: आयसुलू आणि आपण. पंचावन्न मिनिटं. बायका रडल्या. शेवटी एक नर्स उभी राहिली, नंबर द्या म्हणाली, तिच्याकडून चार जोड नमद्याच्या सपाता मागवते. म्हटलं, तिच्या गावात रेंज नाही. आज हे सहज सुचलं. सहज सुचतं याचं बरं वाटेनासं झालं आहे.

२ मे, शुक्रवार
पार्सल. आत नमद्याच्या सपाता, करड्या, लाल वेलबुट्टीच्या. चिठ्ठी: आयसुलूकडून.
माझा डावा पाय उजव्यापेक्षा रुंद आहे. डावी सपात रुंद आहे.
हे शामलाखेरीज जगात कोणाला माहीत नाही.

३ मे
घरभर ओल्या मेंढीचा वास. सपाता कपाटात ठेवल्या होत्या. दुपारी त्या गॅलरीच्या दाराशी. पुन्हा कपाटात. तासाभराने स्वयंपाकघरात. नमद्याचा आवाज होत नाही. कोण येतं, कोण जातं, कळत नाही. बाहेर धुळीचं वादळ, बनेद अल-गारचा समुद्र दिसेना, खिडकीत नुसता पिवळा प्रकाश.
संध्याकाळी उलगडा. शामला घालते. "फरशी गार पडते हो एसीने." बरं. पण डावा पाय?

५ मे
संस्थेचा वर्धापनदिन १८ ला. चेअरमनसाहेबांची इच्छा: प्रमुख पाहुणी आयसुलू.
व्हिसाची कामं हमीदकडे. रत्नागिरीचा, वीस वर्षं इथल्या सरकारी खिडक्यांशी उभा. म्हणाला, "साहेब, या बाईचा पासपोर्ट खंय हाय? नावाला व्हिसा नाय मिळत वो, मानसाला मिळतो." म्हटलं, येईल. म्हणाला, "येईल म्हंजे जन्माला यायची हाय काय अजून?"
जाता जाता सांगून गेला: जिल्दिझने फोन करून विश्वासरावसाहेबांच्या पायाचं माप विचारलं होतं. "मी आपला तुमच्या मिसेसला विचारून दिला."
म्हणजे पायाचा उलगडा झाला. भीती मात्र गेली नाही. माप घ्यायला कोणीतरी बसलं होतं ना तिकडे?

६ मे
जिल्दिझला कळवलं: आयसुलू आजारी असल्याचं समजतं.
उत्तर: "सकाळीच भेटले. बरी आहे."

८ मे
कठोर निर्णय. आयसुलूला जावं लागेल. घाटात बर्फाचा कडा कोसळला. श्रद्धांजली लिहिली, माझ्या उत्तम लेखनात गणना होईल. जिल्दिझला पाठवली. दिवसभर जेवण गेलं नाही. माझ्या हातून एक जीव गेला आहे.

९ मे
उत्तर: "नोटेड. पासपोर्टची प्रत सोबत. १७ ला पोचतो."
प्रत उघडली. चेहरा ओळखीचा. नाव: बुरुल.

१८ मे
सभागृह भरलेलं. ती पहिल्या रांगेत, काळा रुमाल, हात मांडीवर. ते फोटोतले हात. छातीवर बिल्ला: आयसुलू. मी चाळीस मिनिटं बोललो. घाट, बर्फ, तीन मुलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आपल्या एखाद्या मेलेल्या नातेवाइकाबद्दल कोणी परका बोलावा तशी. मग तिला माइक दिला. जिल्दिझ भाषांतर करत होती. बाई म्हणाली, "बघू." प्रचंड टाळ्या.
नंतर बाहेरच्या पॅसेजमध्ये तिने मला थांबवलं. म्हणाली, मशीन आलंय. माझ्याच अंगणात ठेवून गेले. सील आहे. उघडायचं तर आयसुलूची सही हवी. महिनाभर लोकर हाताने पिंजतेय, मशीनच्या शेजारी बसून. २९ तारखेला परत नेतील. ही आयसुलू राहते कुठे तेवढं सांगा. लांब असली तरी चालेल. मी जाऊन घेऊन येते.
जिल्दिझने हे सगळं शांतपणे भाषांतर केलं. तिला विचारलं, मुली, अशी बाई नाही हे मला पहिल्याच दिवशी का नाही लिहिलंस? म्हणाली, "सर, मागे दोनदा 'तुमची चूक झाली' असं लिहिलं. दोन्ही वेळा आमचा हप्ता चार महिने अडकला. तेव्हापासून आम्ही नोटेड लिहितो."
आणि हिला का नाही सांगितलंस?
"सांगितलं. ती म्हणते, ज्या बाईवर एवढे मोठे लोक एवढं बोलतात, ती नसेल कशी?"

१९ मे
बुरुल परत गेली. संकल्प: आजच मेल. "यादीत चाळिसावं नाव बुरुल असं वाचावं." एवढंच.

२२ मे
एवढंच लिहिणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पार्श्वभूमी हवी. टिपण सुरू केलं: संक्रमणकाळातली अर्थव्यवस्था आणि नावाचा प्रश्न.

२६ मे
टिपण अकरा पानं. अजून आपण कारखाने बंद पडण्यापाशीच आहोत.
सपाता माझ्या टेबलाखाली. विचारलं नाही कोणी ठेवल्या. पाय घातला. गरम होत्या.

२९ मे, दुपारी २.१०
यादी दुरुस्त करायचं पोर्टल तीनला बंद, त्याआधी मेल पाठवणं भाग. प्रस्तावना आवरती घेतो आहे.

२.४०
खोलीत मेंढीचा वास. समोरच्या खुर्चीवर कोणी नाही. ते तसंच बसून आहे.
शामला दारात. "अहो, तीन अक्षरं आहेत. बु, रु, ल. मी एका शिफ्टमध्ये चाळीस पेशंटांची नावं लिहिते, कोणालाही प्रस्तावना लागत नाही." म्हटलं, माझी नोकरी? म्हणाली, "तिचं मशीन?"

२.५१
टिपण काढून टाकलं. मेलमध्ये एक ओळ उरली. तीत एकही विशेषण नाही. एवढी उघडी ओळ मी आयुष्यात लिहिलेली नाही.

२.५६
बंधूंनो! नाही. बंधू नाहीत, भगिनी नाहीत, आयसुलू नाही. आज सभेला श्रोता एकच आला आहे आणि तो माझ्याच खुर्चीत सपाता घालून बसला आहे. विश्वासराव, तुमचं सगळं ऐकून घेतलं. शेवटपर्यंत. आता 'सेंड' दाबा.